इंदूर–पुणे संध्याकाळची विमानसेवा : तपासणीत चोख, सांगण्यात उणी

इंदूरहून पुण्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या एका विमानसेवेचे हे परीक्षण आहे. विमान एअरबस ए-३२० जातीचे होते आणि लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाके आणि ती पेलणाऱ्या खांबांच्या, तपासणीमुळे ते तीन तासांच्या आसपास उशिरा सुटले. शंका पूर्ण फिटेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवण्याचा जो निर्णय कंपनीने घेतला, त्याला मी पाचपैकी पाच गुण देतो. तो निर्णय प्रवाशांपर्यंत ज्या रीतीने पोचवला, त्याला मात्र पाचपैकी एकाहून अधिक गुण देणे मला जमत नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण एका संध्याकाळवरून कोणावर शिक्का मारणे न्यायाचे होणार नाही आणि उशिराची खबर देण्याची हीच पद्धत मी इतर कंपन्यांतही पाहिली आहे. इंदूरच्या मराठी घरांतून आज कोणी ना कोणी पुण्याला शिकायला, नोकरीला किंवा नातवंडांकडे जातच असतो. अशा प्रवाशांना तिकीट काढताना आणि गेटवर ताटकळताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो.

माझी नोकरी पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात झाली. फोर्जिंगमधल्या, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या भागांतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधून काढणे हे तिथले रोजचे काम होते. विमानदुरुस्तीचा परवाना माझ्याजवळ नाही. पुढे जे लिहिले आहे ते प्रसिद्ध नियमांच्या, अपघातांच्या चौकशी अहवालांच्या आणि पोलादाच्या त्या अनुभवाच्या आधारे लिहिले आहे.

विमान पुण्याहून वेळेवर आले होते. प्रवासी उतरले, आतली सफाई झाली, गेटसमोर रांगही लागली, आणि मग ती रांग थांबवण्यात आली. फलकावर आधी अर्ध्या तासाचा आणि नंतर एका तासाचा उशीर झळकू लागला, पण ध्वनिक्षेपकावरून ‘तांत्रिक कारणामुळे’ यापलीकडे एकही शब्द ऐकू आला नाही. काचेतून मात्र बरेच काही दिसत होते. डाव्या मुख्य चाकांपाशी टॉर्च घेऊन वाकलेला एक अभियंता स्ट्रटचा, म्हणजे चाकांवरच्या खांबाचा, चकाकणारा क्रोमचा दांडा पांढऱ्या फडक्याने पुसत होता, थोडा वेळ थांबून तो पुन्हा पुसत होता आणि फडक्याला काय लागले ते उजेडात धरून पाहत होता. नंतर त्याने त्या दांड्याचा उघडा भाग पट्टीने मोजला, हातातल्या टॅबलेटवर काहीतरी ताडून पाहिले आणि फोन लावला. काही वेळाने नायट्रोजनच्या नळकांड्यांची गाडी आली, आणखी एक अभियंता आला, आणि दोघांनी मिळून तेच मोजमाप पुन्हा पहिल्यापासून केले.

माझ्या शेजारी बसलेले एक काका त्रासून म्हणाले, “जरासं तेल पाझरलं असेल, त्यासाठी एवढ्या लोकांना बसवून ठेवायचं का?” त्यांना बारशासाठी पुण्याला पोचायचे होते आणि त्यांची तगमग अगदी समजण्यासारखी होती. तरीही त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण तो त्या संध्याकाळी गेटवरच्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात होता.

स्ट्रट म्हणजे विमानाच्या चाकांवरचा जाड खांब. त्याच्या आत हायड्रॉलिक तेल आणि दाबलेला नायट्रोजन असतो. चाके धावपट्टीला टेकली की तेल अरुंद छिद्रांतून जोराने ढकलले जाते आणि उतरण्याची बरीचशी ऊर्जा त्या घर्षणात उष्णता होऊन संपते. नायट्रोजन स्प्रिंगचे काम करतो. ए-३२० उतरते तेव्हा त्याचे वजन साठ टनांच्या पुढे असू शकते आणि वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी आणि युरोपीय मानकांनुसार, उतरण्यासाठी मान्य असलेल्या कमाल वजनाचे विमान सेकंदाला १० फूट या वेगाने खाली येऊन आदळले तरी गिअरने ते सोसले पाहिजे. ही क्षमता तेल आणि नायट्रोजन योग्य प्रमाणात असण्यावर अवलंबून आहे. तेल गळून कमी झाले किंवा वायूचा दाब उतरला, तर दांडा आत सरकतो, त्याचा उघडा भाग कमी दिसतो, आणि जो धक्का तेलाने गिळायचा तो सरळ पोलादावर जातो. म्हणून तो उघडा भाग तापमान आणि दाब यांच्या तक्त्याशी ताडून पाहावा लागतो. थोडासा ओलावा चालतो. किती चालतो याची मर्यादा देखभाल पुस्तिकेत लिहिलेली असते. ती वाढवण्याचा अधिकार वैमानिकाला नसतो आणि कंपनीच्या विमानतळावरच्या व्यवस्थापकालाही नसतो. परवानाधारक अभियंता, म्हणजे एएमई, सही करतो तेव्हाच विमान सेवेत परत येते. त्या संध्याकाळी हा क्रम कोणीही तोडला नाही, घाई करण्यासाठी कोणी अभियंत्याच्या मागे उभे राहिलेलेही दिसले नाही, आणि माझ्या पाच गुणांतला मोठा वाटा याचा आहे.

पोलादाची बाजू याहून गंभीर आहे. लँडिंग गिअरचे मुख्य भाग ३००एम सारख्या अतिशय ताकदवान पोलादातून घडवतात, कारण पंखाखालच्या मोजक्या जागेत मावूनही त्यांना प्रचंड भार पेलायचा असतो. अशा पोलादाची एक उणीव आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे : जितकी ताकद अधिक, तितकी भेग सोसण्याची तयारी कमी. विमानाच्या सांगाड्यात एखादी भेग हळूहळू वाढते आणि पुढच्या तपासणीत सापडेल इतका अवधी मिळतो, त्या हिशेबानेच सांगाड्याची तपासणी आखलेली असते. गिअरच्या पोलादात तेवढा अवधी मिळेलच असे धरता येत नाही. गंजाचा बारीक खड्डा, क्रोम घासताना जास्त तापलेली जागा, किंवा मुलामा चढवताना धातूत शिरलेला हायड्रोजन एवढ्यावरून भेग सुरू होऊ शकते, आणि ती दिसण्याजोगी होईपर्यंत भाग तुटूनही जाऊ शकतो. यासाठी गिअरच्या मुख्य भागांना आयुष्याची ठाम मर्यादा दिलेली असते. ठरलेली उड्डाणे पुरी झाली की वरून कितीही धडधाकट दिसला तरी तो भाग काढून टाकतात. प्रत्येक भागाचा क्रमांक आणि त्याने केलेल्या उड्डाणांची नोंद तो कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून ठेवावी लागते. ती नोंद तुटली तर ठणठणीत दिसणारा भागही विमानाला लावता येत नाही. धातूपेक्षा त्याच्या कागदावर अधिक भरवसा ठेवणारी ही शिस्त मला मनापासून पटते.

याशिवाय सगळा गिअर विमानातून उतरवून, सुटा करून, मुलामा काढून, चुंबकीय कणांच्या चाचणीने तपासून पुन्हा जोडण्याचे मोठे काम ठरलेल्या काळाने करावेच लागते. ए-३२० च्या मुख्य गिअरसाठी ही मुदत साधारण १० वर्षे किंवा २०,००० उड्डाणे, यांतले जे आधी होईल ते, अशी धरली जाते. मधल्या काळात टायर, ब्रेक, नळ्या, सील आणि कुलुपे यांची पाहणी ठरलेल्या अंतराने चालू असते, आणि प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकही विमानाभोवती फेरी मारून चाके बघून येतो. त्या दिवशी तेलाचा ओघळ याच फेरीत दिसला, असे पुढे कॅप्टनने स्वतः सांगितले.

या नेमाच्या कामांवर आणखी एक थर असतो आणि त्यालाच खऱ्या अर्थाने सक्तीची तपासणी म्हणता येईल. एखाद्या जातीच्या विमानात धोकादायक दोष असल्याचे लक्षात आले, की त्या विमानाच्या रचनेला मान्यता देणारी संस्था उड्डाणयोग्यता निर्देश काढते. एअरबससाठी युरोपची ईएएसए आणि बोइंगसाठी अमेरिकेची एफएए. कोणता भाग, कोणत्या क्रमांकाचा, किती दिवसांत किंवा किती उड्डाणांत तपासायचा हे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हे निर्देश भारतीय कंपन्यांकडून पाळून घेते. मुदत उलटून गेली आणि काम झालेले नसेल, तर त्या विमानाने प्रवासी नेणे बेकायदा ठरते. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, तरी ही व्यवस्था तशीच आहे. हे निर्देश दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट वाचता येतात, आणि वाचले तर त्यांतल्या रुक्ष वाक्यांमागे कोणती संकटे उभी आहेत ते कळते.

नायट्रोजनच्या त्या गाडीचेच पाहा. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान मेक्सिको सिटीहून निघाल्यावर थोड्याच वेळात कोसळले आणि त्यातले सर्व १६७ जण मरण पावले. तापलेल्या ब्रेकमुळे चाकाच्या खाचेतला टायर हवेत असतानाच फुटला होता, आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. पुढच्या वर्षी एफएएने निर्देश काढून ब्रेक असलेल्या चाकांच्या टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा केला. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दा येथे हज यात्रेकरूंना परत नेणारे डीसी-८ विमान जळून २६१ जण गेले. तिथे टायरमध्ये दाब कमी होता आणि तो भरून न घेताच विमान निघाले होते. टायरचा दाब बघणे हे काम काही मिनिटांचे असते, आणि ज्या संध्याकाळी ते करायला कोणी थांबत नाही त्या संध्याकाळची किंमत अशी पडू शकते.

दुसरे उदाहरण युरोपातले आहे. ९ सप्टेंबर २००७ रोजी डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग येथे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या डॅश-८ क्यू४०० विमानाचा मुख्य गिअर उतरताना मोडला आणि तीनच दिवसांनी व्हिल्नियसला तसेच घडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. गिअर आत-बाहेर करणाऱ्या दंडगोलाच्या टोकाला जिथे आटे होते, तिथे आतून गंज धरला होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसणे शक्यच नव्हते. १०,००० पेक्षा अधिक वेळा उतरलेली त्या जातीची विमाने तपासणी होईपर्यंत जगभर जमिनीवर ठेवली गेली. पुढे २७ ऑक्टोबरला कोपनहेगनमध्ये त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या तिसऱ्या विमानाचा गिअर पूर्ण बाहेर आला नाही. या वेळी कारण वेगळे निघाले, सुटून अडकलेली एक लहानशी रबरी कडी, आणि कंपनीने ती सगळी विमाने सेवेतून काढून टाकली. एका दोषाची तपासणी झाली म्हणजे दुसरा दोष नाही असे सिद्ध होत नाही. त्या संध्याकाळी दुसऱ्या अभियंत्याने तेच मोजमाप पुन्हा केले, याचे मला समाधान वाटले ते यामुळे.

मुदतीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८ जून २०२१ रोजी हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७८७ माल चढवला जात असताना उभ्या जागी नाकावर बसले. पुढच्या गिअरला जमिनीवर असताना कुलूपबंद ठेवणारी खीळ शेजारच्या चुकीच्या भोकात घातली गेली होती. गंभीर गोष्ट अशी, की हे दुसरे भोक बुजवून टाकावे असा निर्देश एफएएने जानेवारी २०२० पासून लागू केला होता. मात्र त्यासाठी ३६ महिन्यांची मुदत होती, ती संपलेली नव्हती, आणि त्या विमानावर ते काम अजून झालेले नव्हते. नियम मोडला गेला नाही आणि तरी अपघात झाला. एखादी विमान कंपनी चांगली की केवळ कायदेशीर, हे ओळखायचे असेल तर ती निर्देशाची मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ताणते की जमेल तितक्या लवकर काम उरकते, हे पाहायला हवे. प्रवाशांना ही माहिती आज कुठेही सहज मिळत नाही. ती मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळेवर सुटणाऱ्या विमानांची टक्केवारी दरमहा प्रसिद्ध होते, तशी निर्देशांचे काम मुदतीच्या किती आधी झाले याचीही आकडेवारी प्रसिद्ध करता येईल.

आता उण्या बाजूकडे येतो. काचेपलीकडे इतके चोख काम चालले असताना काचेच्या अलीकडे गोंधळ होता. गेटवरच्या मुलीला विचारले तर तिला स्वतःलाच काही सांगितलेले नव्हते. ती नम्र होती, पण ‘वरून कळेल तेव्हा सांगते’ याच्यापुढे ती जाऊ शकत नव्हती आणि त्यात तिचा दोष नाही. मोबाइलवर आलेल्या संदेशात ‘परिचालनाच्या कारणाने’ असे होते, फलकावर वेळ एक होती आणि संदेशात दुसरी. अशा पोकळीत अफवा शिरतात. कोणी म्हणाले इंजिनात बिघाड आहे, कोणी म्हणाले प्रवासी कमी असल्यामुळे विमान रद्द करणार आहेत. दोन कुटुंबांनी घाबरून तिकिटे सोडली आणि रात्रीची बस धरायला ती शहरात परतली. ‘डाव्या चाकाच्या स्ट्रटमध्ये तेलाचा ओघळ दिसला आहे, तो मर्यादेत आहे का ते मोजत आहोत, अभियंत्याची सही झाल्यावरच निघू’ एवढे एक वाक्य हिंदीत आणि इंग्रजीत सांगितले असते, तर निम्मी चिडचिड तिथेच शमली असती. सत्य सांगितल्याने प्रवासी घाबरतात असे कंपन्यांना वाटत असावे. माझा अनुभव उलट आहे : मी त्या काकांना स्ट्रटचे काम समजावून सांगितल्यावर ते शांत झाले आणि पुढे तेच आपल्या पत्नीला नायट्रोजनच्या गाडीकडे बोट दाखवून सांगत होते.

खाण्यापिण्याचेही थोडे लिहायला हवे. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशांना अल्पोपहार देणे कंपनीवर बंधनकारक आहे; कंपनीच्या हाताबाहेरची असाधारण परिस्थिती तेवढी याला अपवाद. इथे सँडविच आणि रसाचे खोके मिळाले, पण लोकांनी मागितल्यानंतर, आणि मधुमेह असलेल्या वयस्कर प्रवाशांसाठी दुसरा काहीच पर्याय ठेवलेला नव्हता. ही गोष्ट मागण्यापर्यंत जायला नको होती. बसायला जागा पुरेशी होती, स्वच्छतागृहे स्वच्छ होती, सामानाबाबत काही तक्रार नाही.

विमानात बसल्यावर मात्र कॅप्टनने जे केले त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. दरवाजा बंद होण्याआधी त्यांनी स्वतः ध्वनिक्षेपक घेऊन, विमानाभोवतीच्या फेरीत काय दिसले, अभियंत्यांनी काय मोजले, नायट्रोजनचा दाब का भरला आणि आता गळती मर्यादेच्या आत असल्याची सही झाली आहे, हे साध्या हिंदीत सांगितले. त्यांचे बोलणे दोन मिनिटांपेक्षा जास्त चालले नसेल. तिकिटावरून हुज्जत घालणारे प्रवासीही ते ऐकताना गप्प झाले. हेच निवेदन गेटवर, पहिल्या तासात व्हायला हवे होते, आणि ते करायला कंपनीला एक पैसाही पडला नसता.

घरी पोचल्यावर मी कंपनीला दोन भागांचे पत्र पाठवले : तपासणीबद्दल आभाराचे आणि माहितीबद्दल तक्रारीचे. आलेल्या उत्तरात गैरसोयीबद्दल ठरीव मजकुराची दिलगिरी होती. आभाराच्या भागाला उत्तरच नव्हते, आणि ते त्या दोन अभियंत्यांपर्यंत पोचले असेल की नाही, याची मला अजून रुखरुख आहे. समाधान झाले नाही तर केंद्र सरकारच्या एअर सेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, तो मार्ग मी खुला ठेवला आहे.

ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकाराचे आहे, आणि पुढच्या फेरीसाठी आम्ही हीच सेवा निवडली आहे. एक सावधगिरी बाळगावी. इंदूर हा मोठ्या विमान कंपन्यांचा मुख्य देखभाल तळ नाही. त्या दिवशी सील बदलावे लागले असते तर सुटा भाग आणि माणसे मुंबई किंवा दिल्लीहून यावी लागली असती आणि विमान त्या रात्री निघाले नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा परदेशचे विमान असेल, तर संध्याकाळच्या या उड्डाणावर विसंबू नये, आदल्या दिवशी किंवा सकाळीच निघावे. बरोबर वयस्कर माणसे असतील तर औषधे आणि थोडा फराळ हातातल्या पिशवीत ठेवावा. आणि ‘तांत्रिक कारण’ असे ऐकू आले, तर गेटवर जाऊन, आवाज न चढवता, कोणता भाग तपासत आहात आणि सही कोण करणार आहे, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत; पुरेशा प्रवाशांनी ते विचारले, तर उत्तर तयार ठेवणे कंपनीला भाग पडेल.